२५ मजली स्टील बिल्डिंग: ईटॅब्स उघडायच्या आधी काय ठरवायचं

तुझा प्रश्न मला समजला तो असा. नागपूरच्या वर्धा रोडवरची ऑफिसची २५ मजली स्टील बिल्डिंग तुमच्याकडे आली, आर्किटेक्टनी ३० बाय ४० मीटरचा प्लॅन दिला, मधोमध १० बाय २० चा लिफ्ट-जिन्याचा कोअर, मजल्याची उंची ४ मीटर म्हणजे एकूण १०० मीटर, आणि तू सरळ ईटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल उभं केलं. आता ड्रिफ्ट, म्हणजे वाऱ्यानं वरचं टोक सरकणं, काही केल्या मर्यादेत बसत नाही, तू सेक्शन वाढवत चाललास, स्टीलचं टनेज फुगत चाललं, आणि विचारतोयस की मोमेंट फ्रेम घेऊ (बीम-कॉलमचे सांधेच ताठ), कोअरला तिरप्या दांड्यांचं ब्रेसिंग करू की आउटरिगर टाकू (कोअरला बाहेरच्या कॉलमशी बांधणारे ट्रस).

आधी मॉडेल बंद कर आणि दोन दिवस कागद-पेन्सिल घेऊन बस. खरंच सांगतो, उंच स्टील बिल्डिंगचं नशीब पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं. आडवा जोर घेणारी फ्रेम किती रुंद आहे आणि बिल्डिंगचं वजन कोणत्या कॉलममधून खाली जातं या दोन गोष्टी त्या वेळी पक्क्या होतात, त्यानंतर सहा महिने सेक्शन बदलत बसलास तरी १०-१५ टक्क्यांच्या वर काही हाती लागत नाही. आणि या दोन्ही गोष्टी प्लॅनमध्ये असतात, सॉफ्टवेअरमध्ये नाही, म्हणून तिथंच भांडायचं आणि आत्ताच भांडायचं, कारण आज आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर एक रेघ हलवायला काही लागत नाही आणि चार महिन्यांनी तीच रेघ हलवायची म्हटलं की सगळी मीटिंग तुझ्याकडे बघते.

आता वाऱ्यापासून सुरू करू. आयएस ८७५ भाग ३ च्या २०१५ च्या आवृत्तीत नागपूरचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे. गावातली वस्ती धरून टेरेन कॅटेगरी ३ घेतली तर १०० मीटरवर गुणक १.२, म्हणजे वेग ५२.८, आणि दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, साधारण १.६७ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. खाली तो कमी होत जातो, पण फोर्स कोइफिशंट (बिल्डिंगच्या आकाराचा गुणक) १.३ च्या आसपास आणि झोताचा परिणाम धरला की पहिल्या हिशेबाला सरसकट २ घे, पुढं बारीक करता येईल. (मिहानच्या बाजूला, जिथं आजूबाजूला मोकळं रान आहे, तिथं कॅटेगरी २ बघावी लागेल, ते साइटवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी ठरव, गूगल मॅपवरून नको.) तर ४० मीटरच्या बाजूवर वारा आला की ४० गुणिले १०० गुणिले २, म्हणजे ८००० किलोन्यूटन, आणि पायथ्याशी मोमेंट, म्हणजे बिल्डिंग उलथवू बघणारा परिणाम, त्याला निम्म्या उंचीनं, ५० नं, गुणून ४ लाख किलोन्यूटन-मीटर. हा आकडा पाठ करून ठेव, पुढचं सगळं त्यावरच चालतं.

भूकंपाचं म्हणशील तर आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत नागपूर झोन २ मध्ये येतं. ब्रेसिंगच्या बिल्डिंगला पीरियडचं (एकदा डोलायला लागणाऱ्या वेळेचं) सूत्र ०.०९ गुणिले उंची भागिले रुंदीचं वर्गमूळ, ३० मीटर रुंदीला १.६४ सेकंद येतात. मध्यम जमीन, महत्त्व गुणक १.२, आर (मोडण्याआधी फ्रेम किती वाकू शकते त्याचा गुणक) ४ धरला तर गुणक सव्वा टक्क्याच्या आसपास, आणि तुझ्या बिल्डिंगचं वजन अंदाजे १,९०,००० किलोन्यूटन आहे, म्हणजे भूकंपाचा बेस शिअर (पायथ्याशी येणारा एकूण आडवा जोर) २४०० च्या जवळपास. वारा ८०००, भूकंप २४००. इथं वाराच राज्य करतो हे पहिल्याच दिवशी कळलं की अर्धा गोंधळ कमी होतो. याचा अर्थ जोडांच्या डक्टाइल डिटेलिंगकडं (तुटण्याआधी वाकतील अशा रचनेकडं) दुर्लक्ष कर असा अजिबात नाही, स्टीलसाठी आता आयएस १८१६८ हा वेगळा कोड २०२३ साली आलाय, तो वाचूनच जोड ठरव.

अजून एक गोष्ट इथं बरेच जण चुकवतात. उंची भागिले कमीत कमी रुंदी ३.३ आली, ५ च्या खाली आहे, म्हणून डायनॅमिक वाऱ्यातून (झोतानं बिल्डिंग डोलण्याच्या हिशेबातून) सुटलो असं समजतात. पण कोडात दुसरी अट पण आहे की पहिली फ्रिक्वेन्सी १ हर्ट्झच्या खाली असेल तरी डायनॅमिक बघायचं, आणि तुझी, १ भागिले वरचे १.६४ सेकंद, ०.६ आहे. तेव्हा गस्ट फॅक्टरची पद्धत लागतेच.

आता मुख्य गोष्ट. तू कोअरला ब्रेसिंग केलंस, बरोबर? वारा ४० मीटरच्या बाजूवर म्हणजे कोअरची १० मीटरची बाजू कामाला येणार. समजा त्या दिशेनं कोअरमध्ये चार ब्रेस्ड फ्रेम आहेत, प्रत्येकीच्या वाट्याला १ लाख किलोन्यूटन-मीटर. हा मोमेंट १० मीटर अंतरावरचे दोन कॉलम जोडीनं घेतात, एक दाबला जातो, एक ओढला जातो, प्रत्येकी १०,००० किलोन्यूटन. त्या कॉलमवर मजल्यांचं वजन किती? त्याच्या वाट्याचं क्षेत्र धर ५० चौरस मीटर, डेड लोड म्हणजे कायमचं वजन ५.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर (डेक शीटवरचा स्लॅब, स्टील, फिनिशिंग, पार्टिशन सगळं मिळून), २५ मजले, म्हणजे ६९०० च्या आसपास. वारा आणि वजनाची बेरीज सुरक्षेसाठी दीडपट करून दाबाच्या बाजूला २५,००० किलोन्यूटन झाले. ई३५० ग्रेडचं स्टील घेतलं आणि बकलिंगसाठी (दाबानं कॉलम वाकून जाऊ नये म्हणून) २५५ मेगापास्कलपर्यंतच ताण द्यायचा ठरवला तर पायथ्याशी १ लाख चौरस मिलिमीटरचा कॉलम लागतो, म्हणजे ७०० बाय ७०० चा ४० मिमी प्लेटचा बॉक्स. बरं, ताकदीला हा पुरतो. मग ड्रिफ्ट बघ. कॉलम वर निमुळता होत जातो म्हणून सरासरी ८०,००० धरू. मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे दोन कॉलमचं क्षेत्रफळ गुणिले ५ मीटरचा वर्ग, येतं ४, एकक मीटरचा चौथा घात. प्रत्येक फ्रेमवर वारा २० किलोन्यूटन प्रति मीटर, कॅन्टिलिव्हरचं साधं सूत्र लाव, वरचं टोक ३१२ मिमी सरकतं, आणि हे फक्त वाकण्याचं, ब्रेसिंगचं स्वतःचं लांब-आखूड होणं अजून धरलेलंच नाही. आयएस ८०० प्रमाणे काचेच्या दर्शनी भागाला उंचीचा ५०० वा भाग, म्हणजे २०० मिमी. म्हणून तुझं बसत नाहीये. तू प्लेट ४० ची ६० केलीस तरी सरकणं दीडपटीच्याच हिशेबानं कमी होणार, कारण क्षेत्रफळ साध्या प्रमाणात चालतं आणि रुंदी वर्गात चालते.

आता तोच वारा दोन टोकांच्या भिंतींवर घे, म्हणजे ४० मीटरच्या दोन्ही टोकांना ३० मीटर रुंदीच्या फक्त दोन ब्रेस्ड फ्रेम. प्रत्येकीला २ लाख, भागिले ३०, कॉलममध्ये ६७०० किलोन्यूटन. तोच ८०,००० चा कॉलम, पण आता वर्ग १५ मीटरचा, इनर्शिया ३६. वारा प्रत्येकीवर ४० किलोन्यूटन प्रति मीटर. टोक सरकतं ६९ मिमी. आठ जाड कॉलमच्या जागी चार आले, जोर दोन तृतीयांशावर आला आणि सरकणं साडेचार पटीनं कमी झालं. धक्का बसणाऱ्या बसमध्ये माणूस पाय फाकवून उभा राहतो, त्यात जे आहे तेच हे. एवढ्या रुंद फ्रेममध्ये ब्रेसिंगच्या लांब-आखूड होण्याचा वाटा मोठा असतो हे खरं, ६९ चे १०० होतील, ११० होतील, तरी २०० च्या आत आहेस.

स्ट्रक्चरल इंजिनियर फझलुर खान यांनी शिकागोत जॉन हॅनकॉक सेंटर केलं १९६९ मध्ये, १०० मजले, ३४४ मीटर, त्यात हेच आहे, तिरप्या ब्रेसचे मोठमोठे एक्स सरळ बाहेरच्या दर्शनी भागावर, अनेक मजल्यांना मिळून एक. स्टील लागलं साधारण १४५ किलो प्रति चौरस मीटर. त्याआधीची १९३१ ची एम्पायर स्टेट बिल्डिंग २०० च्या वर गेली होती, फ्रेमच्या जोरावर उभी, आणि उंचीत काही फार फरक नाही. ढाक्याला जन्मलेला माणूस, आपल्याच उपखंडातला, त्यानं उंचीसाठी स्टीलनं मोजावा लागणारा जास्तीचा दाम कसा कमी करायचा हा प्रश्नच इंजिनियरांसमोर नीट मांडला. मला वाटतं उंच बिल्डिंग करणाऱ्या प्रत्येकानं त्यांचं काम आधी अभ्यासावं, मग सॉफ्टवेअर.

तुझा आर्किटेक्ट म्हणेल टोकाच्या भिंतीवर एक्स नको, खिडक्या आहेत. मग मधला रस्ता आउटरिगरचा. कोअर तसाच ठेव, एका मजल्यावर, जिथं एसीची यंत्रं (एएचयू) आणि टाक्या बसतात तिथं, कोअरपासून बाहेरच्या कॉलमपर्यंत पूर्ण मजला उंचीचे ट्रस टाक, म्हणजे कोअर वाकायला लागला की बाहेरचे कॉलम त्याला धरतात. एकच आउटरिगर असेल तर तो निम्म्या उंचीच्या आसपास सगळ्यात जास्त काम करतो, वरच्या टोकाला टाकला तर दिसायला सोपा पण फायदा कमी. मात्र तो मजला भाड्यानं जाणार नाही हे क्लायंटला आजच सांग, आणि आउटरिगरचा शेवटचा जोड बिल्डिंग पूर्ण चढल्यावरच आवळायचा हे ड्रॉइंगवर लिही, कारण कोअरचे आणि बाहेरचे कॉलम सारखे आखूड होत नाहीत. १०० मीटरच्या कॉलममध्ये सरासरी १५० मेगापास्कल ताण असला की तो ७५ मिमी आखूड होतो, हा आकडा ऐकून लोकांना खरा वाटत नाही, पण १५० भागिले २ लाख गुणिले १०० मीटर करून बघ. शेजारचा कॉलम १०० मेगापास्कलवर असेल तर तो ५० मिमी. या २५ मिमीच्या फरकानं आउटरिगरमध्ये जो जोर घुसतो तो वाऱ्याशी काही संबंध नसलेला असतो. फॅब्रिकेटरला कॉलमची लांबी थोडी वाढवून द्यायची असते ती पण याच हिशेबावरून.

शुद्ध मोमेंट फ्रेम २५ मजल्यांना मी घेणार नाही. होते, पण बीम जाड होतात, मजल्याची उंची वाढते, आणि प्रत्येक सांध्याला फुल पेनिट्रेशन (पूर्ण जाडीभर) वेल्ड. ब्रेसिंगला जागाच मिळत नसेल तर एखाद्या दिशेला ठीक.

आता वजनाकडं येऊ, कारण इथं भलेभले गप्प बसतात. सबंध बिल्डिंग पडणार नाही, तिचं वजन प्रचंड आहे, पण कोअरचा तो एक कॉलम बघ. वाऱ्याचा ताण १०,००० चा दीडपट, १५,०००. त्याला धरून ठेवणारं वजन ६९०० चं ०.९, म्हणजे ६२००. उरले ८८०० किलोन्यूटन वर ओढणारे, एका कॉलमला! त्याचे अँकर बोल्ट, बेसप्लेट, खाली ताण घेणारे पाइल, सगळं मिळून पायाचं बजेट कुठच्या कुठं जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून मजल्याचे बीम असे फिरव की जास्तीत जास्त वजन ब्रेसिंगच्या कॉलमवर येईल. मधले किरकोळ कॉलम काढ, स्पॅन थोडा वाढव, वजन तिकडं ढकल. टोकाच्या भिंतींच्या पर्यायात कोपऱ्याच्या कॉलमवर मुळात वजन कमी असतं, पण शेवटच्या १० मीटरच्या पट्ट्यातले बीम भिंतीच्या दिशेनं टाकले, आणि मोठ्या एक्सनं मधल्या कॉलमचं वजन कोपऱ्यांकडं नेलं, तर कोपऱ्याला ६९०० च्या आसपास वजन आणता येतं. मग ६७०० चे दीडपट १०,००० वजा ६२००, ३८०० उरतात. हे रॉक अँकरनं सहज जमतं.

रॉक म्हटलं म्हणून सांगतो, नागपूरची जमीन एकसारखी नाही. पश्चिमेला वरच्या काळ्या मातीखाली बेसॉल्ट मिळतो, पूर्वेला जसजसं जाशील तसं जुना नाइस खडक आणि वर गाळाची माती. बेसॉल्टमध्येसुद्धा दोन थरांच्या मध्ये मऊ मुरूम निघतो, त्यामुळं शेजारच्या प्लॉटचा सॉइल रिपोर्ट चालवू नकोस. काळ्या मातीचा विश्वास तर बिलकुल नको. सिस्टिम पक्की करायच्या आधी बोअर घ्यायला लाव, ताणाचे कॉलम येणार आहेत त्या नेमक्या जागी, आणि खडकाचे नमुने थोडे खोलवरचे.

मजल्याचं लवकर सांगून टाकतो. डेक शीट, त्यावर १३० मिमीचा स्लॅब, स्टड मारून स्लॅबशी जोडलेले कंपोझिट बीम, आयएस ११३८४ ची २०२२ ची आवृत्ती घे. स्पॅन भागिले २० ते २२ दुय्यम बीमला, १५ ते १८ मुख्य बीमला, पहिल्या फेरीला एवढं पुरे. पण १० मीटरचा स्पॅन असेल तर कंपन नक्की बघ, स्टीलचा मजला हलका असतो, ताकदीला पास होतो आणि माणूस चालला की टेबलावरचं पाणी हलतं. आयएस ८०० च्या शेवटी याचं परिशिष्ट आहे, मी फ्रिक्वेन्सी ५ हर्ट्झच्या खाली जाऊ देत नाही. एसीची डक्ट बीमच्या खालून जाणार की बीमच्या पोटातल्या भोकातून, हे आत्ताच ठरव. मजल्यामागं २०० मिमी वाचले तर २५ मजल्यांना ५ मीटर काच, ५ मीटर पाइप आणि तेवढाच वारा वाचतो.

वारा तिरपा पण येतो, हे विसरू नकोस. न्यूयॉर्कचं सिटीकॉर्प सेंटर १९७७ चं, ५९ मजले. कॉलम कोपऱ्यात नाहीत, चारही बाजूंच्या मध्यावर आहेत, आणि ब्रेसिंगचे जोड वेल्डऐवजी बोल्टचे झाले होते. बिल्डिंग वापरात आल्यावर तिरप्या वाऱ्याचा हिशेब परत मांडला गेला, आणि १९७८ मध्ये रात्री काम करून जोडांवर प्लेटा वेल्ड कराव्या लागल्या. विल्यम लमेझुरियर यांच्यासारख्या मोठ्या इंजिनियरची बिल्डिंग होती. तेव्हा कन्सेप्टच्या वेळीच चार दिशांबरोबर ४५ अंशाचा वारा मांड, आणि मोठ्या जोडाचं एक तरी स्केच हातानं काढ. २५,००० किलोन्यूटनचा कॉलम आणि त्यात येणारा ब्रेस कागदावर एका बिंदूत मिळतात, साइटवर तिथं बोल्ट आवळायला पाना जावा लागतो.

आणि साइटवरून आठवलं, तो ७०० चा बॉक्स मीटरला ८३० किलो भरतो. १२ मीटरचा तुकडा १० टन. टॉवर क्रेन बूमच्या टोकाला १० टन उचलणार आहे का? नसेल तर तुकडे ८ मीटरचे, म्हणजे स्प्लाइस (तुकड्यांचा जोड) दर दोन मजल्यांनी, म्हणजे जास्त वेल्डिंग, जास्त टेस्टिंग, जास्त दिवस. आपल्याकडं भिलाई जवळ आहे, प्लेट मिळायला अडचण नाही, बुटीबोरी-हिंगण्याला फॅब्रिकेशनची शॉप आहेत, पण ४० मिमीच्या ई३५० प्लेटचं वेल्डिंग सगळ्यांचं काम नाही, प्रीहीट लागतं, अल्ट्रासॉनिक टेस्टिंग लागतं. कोणाच्या शॉपमध्ये काय होतं ते आत्ता जाऊन बघ, आणि त्यांचं ऐकून प्लेटची जाडी ठरव. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू वेगवेगळी प्रसरते, ओळंबा दुपारी तपासला तर सकाळी वेगळाच निघतो, म्हणून सर्व्हे पहाटेच घ्यायचा, ही अट टेंडरमध्येच टाक.

आग. स्टील ५५०-६०० अंशांवर निम्मी ताकद गमावतं. स्प्रे, बोर्ड, पेंट की काँक्रीटचं आवरण, यात पैशाचा मोठा फरक आहे आणि उघडे ब्रेस दाखवायचे असतील तर महागडा फुगणारा पेंटच लागतो. हा खर्च पहिल्या एस्टिमेटमध्ये नसला की नंतर क्लायंट तुलाच विचारतो.

एक शेवटचं, आणि हे मी प्रत्येक क्लायंटला सांगतो, की २५ मजल्यांना पूर्ण स्टीलच्या शेजारी आरसीसी कोअर आणि स्टीलचे मजले हा पर्याय पण मांड. कोअरच्या भिंती वारा घेतात, ब्रेसिंग जातं, स्टील बरंच कमी होतं. त्याबदल्यात कोअर मजल्यांच्या पुढं धावला पाहिजे, भिंतीत बसवलेल्या प्लेटा २०-२५ मिमी इकडं-तिकडं असणार हे धरून बीमचा जोड करावा लागतो, आणि काँक्रीट वर्षानुवर्षं आखूड होत राहतं, स्टील तसं होत नाही. वेळेची घाई असेल तर पूर्ण स्टील जिंकतं, पैशाची ओढ असेल तर बहुतेक वेळा हा मिश्र पर्याय.

आर्किटेक्टकडं जाताना टोकाच्या भिंती, आउटरिगर आणि आरसीसी कोअर हे तिन्ही पर्याय एकेका ए३ कागदावर ने: प्लॅन, एक उभा छेद, पायथ्याचा कॉलम किती मोठा, टोक किती मिमी सरकतं, वर ओढणारा जोर किती, स्टील किलो प्रति चौरस मीटर किती (तुझं ७० ते ९० मध्ये यायला हवं, ३०,००० चौरस मीटरला ८० धरले तर २४०० टन). आणि विमानतळाच्या उंचीची एनओसी त्यांनी मागितली का ते आधी विचार, सोनेगाव जवळ आहे, १०० मीटरला परवानगी मिळते की नाही त्यावर मजले ठरतील, आणि पाच मजले कमी झाले तर कदाचित कोअरचं ब्रेसिंग आहे तसं चालून जाईल.

बोअरचे रिपोर्ट आले की आकडे पाठव, पायाचं बसून बघू.